सुईचे पैसे कार्ड देईल का?

या वेळची बहुतेक पत्रं सुयांची आहेत. गेल्या अंकात सत्तरीपुढच्यांच्या आयुष्मान वय वंदना कार्डाबद्दल, म्हणजे आयुष्मान भारत योजनेत वर्षाला पाच लाखांपर्यंत मोफत उपचार देणाऱ्या सरकारी कार्डाबद्दल, लिहिलं होतं. त्यावर कोणी मोतीबिंदूचं विचारेल, कोणी हृदयाचं, असं मला वाटलं होतं. आलं ते ॲक्युपंक्चर. सोलापुरात इतके लोक सुया टोचून घेत असतील याचा मला अंदाज नव्हता. सरकारी रुग्णालयात वैद्यकीय समाजसेवा अधीक्षक म्हणून माझी नोकरी योजनांच्या कागदांतच गेली, त्यामुळे उत्तरंही कागदांच्याच बाजूने येतील. सुई कुठे टोचायची ते माझं काम नाही. नेहमीप्रमाणे नावं छापलेली नाहीत.

प्रश्न : मी ७३ वर्षांची. लग्न होऊन आल्यापासून विड्याच वळल्या. कंबर आणि दोन्ही गुडघे गेले. मुलाने वय वंदना कार्ड काढून दिलं. एका सुयांच्या दवाखान्यात दहा वेळा यायला सांगितलंय, एका वेळचे साडेतीनशे. कार्ड पुढे केलं तर म्हणाले, "आजी, हे इथं चालत नाही की ओ." शेजारणीची मुलगी अमेरिकेत आहे. ती म्हणते, तिकडे म्हाताऱ्यांच्या सुयांचे पैसे सरकार भरतं. मग आमच्या पाच लाखांतनं साडेतीन हजार निघायला काय अडचण आहे? (सुनेकडून लिहून घेतलंय.)
— अशोक चौक, सोलापूर

मावशी, दवाखान्यातल्या माणसाने तुम्हाला खरं तेच सांगितलं. त्याच्यावर राग धरू नका.

कार्डावर पाच लाख लिहिलेत म्हणून ते पाच लाख आपल्या पासबुकात पडल्यासारखे वाटतात. तसं ते नाही. आयुष्मान भारत योजना २०१८ च्या सप्टेंबरात सुरू झाली ती रुग्णालयात भरती होणाऱ्या माणसासाठी. २९ ऑक्टोबर २०२४ पासून सत्तर वर्षांवरच्या सगळ्यांना, उत्पन्न न बघता, ती खुली झाली. वयावर दार उघडलं, उत्पन्नाची अट काढली, पण मूळ साचा तोच राहिला: रुग्णाला खाट मिळाली पाहिजे, त्याचा आजार योजनेच्या यादीत पाहिजे आणि रुग्णालय योजनेत नोंदलेलं पाहिजे. भरती व्हायच्या आधीचे तीन दिवस आणि घरी सोडल्यानंतरचे पंधरा दिवस यांचा तपासण्या-औषधांचा खर्चही त्यात धरतात. पण सकाळी जाऊन, खुर्चीत बसून, सुया टोचून दुपारच्या जेवणाला घरी परतलात, तर योजनेच्या लेखी तुम्ही आजारीच नाही. हीच गोष्ट फिजिओथेरपीची आणि हाडांच्या डॉक्टरांच्या तपासणी फीचीही. सुयांवर वेगळा राग आहे असं समजू नका.

आपल्या राज्याच्या महात्मा फुले योजनेचंही हेच. ती राजीव गांधी जीवनदायी या नावाने जुलै २०१२ मध्ये पहिल्या टप्प्यात आठ जिल्ह्यांत आली, त्यात आपलं सोलापूर होतं. पहिल्या दिवसापासून लोक खिडकीवर येऊन एकच विचारायचे: "बाई, गोळ्याचं काय?" गोळ्यांचं उत्तर तेव्हाही नव्हतं. आमच्याकडे येणाऱ्या म्हाताऱ्या बायकांचं दुखणं असायचं रोजचं, बसता-उठतानाचं. त्यासाठी कोणी भरती करत नाही आणि करूही नये. योजना खाट ओळखते, बाकडं ओळखत नाही. माझी तक्रार आहे ती इथे.

आता अमेरिकेचं. शेजारणीची मुलगी खोटं बोलत नाही, अर्धं बोलते. तिकडे ६५ च्या पुढच्यांना मेडिकेअर नावाचा सरकारी विमा असतो. २१ जानेवारी २०२० पासून त्याने ॲक्युपंक्चर मान्य केलं ते एकाच दुखण्याला: कमरेचं जुनं दुखणं. बारा आठवडे किंवा त्याहून जास्त टिकलेलं, कॅन्सर किंवा जंतुसंसर्गासारखं कारण न सापडलेलं आणि ऑपरेशनमुळे न झालेलं. नव्वद दिवसांत बारा बैठका. आराम पडतोय असं दिसलं तर आणखी आठ. वर्षाला वीसच्या वर नाही आणि फरक दिसत नसेल तर बंद. शिवाय वर्षाची ठरावीक रक्कम आधी स्वतः भरल्यावर पुढच्या बिलाचा पाचवा हिस्सा रुग्णाच्याच खिशातून. मूळ मेडिकेअर गुडघ्याच्या सुयांना एक पैसा देत नाही, मावशी. तुमचं निम्मं दुखणं अमेरिकेतही बाहेरच राहिलं असतं. आणि हे त्यांनी सुयांच्या प्रेमापोटी केलेलं नाही. दुखणं मारायला दिलेल्या अफूच्या जातीच्या गोळ्यांचं तिकडे भयंकर व्यसन लागलं, माणसं मेली, तेव्हा गोळीशिवाय दुसरं काय देता येईल याचा शोध सुरू झाला. त्यात हे आलं.

गुडघा हवा असेल तर जर्मनीकडे बघा. तिथल्या सरकारी विम्याने २००७ पासून कंबर आणि गुडघ्याची झीज या दोन्हींना साधारण दहा बैठका मान्य केल्या. त्याआधी त्यांनी हजारो रुग्णांवर मोठे प्रयोग केले. निकाल मोठा गमतीचा लागला. खऱ्या बिंदूंवर खोल सुया घेतलेल्यांना नेहमीच्या उपचारापेक्षा बरं वाटलं, आणि भलत्याच जागी वरवर टोचून घेतलेल्यांनाही जवळपास तेवढंच बरं वाटलं! यावरून कोणी म्हणतं सुई चालते, कोणी म्हणतं निवांत पडून राहणं आणि आपुलकीने विचारपूस होणं हेच चालतं. इंग्लंडच्या सरकारी मार्गदर्शकाने २०१६ मध्ये कंबरदुखीला ॲक्युपंक्चर देऊ नका असं सांगितलं, आणि २०२१ मध्ये ठराविक कारण न सापडणाऱ्या जुन्या दुखण्यांना एक छोटा कोर्स देऊन बघायला हरकत नाही असं म्हटलं. म्हणजे शहाण्या माणसांतही एकमत नाही. माझं मत विचाराल तर दुखणं काही आठवडे हलकं होऊ शकतं, झिजलेली कूर्चा, म्हणजे सांध्यातली गादी, पुन्हा उगवत नाही. "गादी परत येते" असं कोणी सांगत असेल तर तिथून उठा.

आता तुम्ही काय करायचं ते सांगते.

तुमच्याकडे विडी कामगारांचं ओळखपत्र असणार. ट्रंकेत असेल तर बाहेर काढा. केंद्राच्या कामगार कल्याण दवाखान्यात ते दाखवलं की तपासणी आणि औषधं मिळतात. आपल्या गावातल्या कितीतरी बायकांनी ते ओळखपत्र घरकुलाच्या अर्जाला जोडलं आणि पुन्हा कधी दवाखान्यात नेलंच नाही.

दुसरं, सिव्हिलला हाडांच्या ओपीडीत एकदा केसपेपर काढा आणि तिथून फिजिओथेरपीला पाठवायला सांगा. मांडीवर सूप, एक पाय दुमडलेला, मान खाली, असं आयुष्य काढलेल्या बाईच्या मांडीचे पुढचे स्नायू कमजोर होतात आणि सगळा भार गुडघ्यावर येतो. ते स्नायू घट्ट करायचे व्यायाम घरी पलंगावर पडून करता येतात. पण शिकवणाऱ्याने समोर बसून शिकवले पाहिजेत. मोबाइलवर बघून नकोत. आणि अजूनही जमिनीवर बसून वळत असाल तर निदान पाटाऐवजी खुर्ची घ्या. "खुर्चीवर हात चालत नाही" हे मी हजारदा ऐकलंय. आठवडाभरात चालायला लागतो.

तिसरं, मुख्यमंत्री वयोश्री योजना. २०२४ ची. ६५ च्या पुढे वय आणि घरचं वार्षिक उत्पन्न दोन लाखांच्या आत असेल तर एकदाच तीन हजार रुपये थेट खात्यात. गुडघ्याचा पट्टा, कमरेचा पट्टा, काठी, वॉकर, कमोड खुर्ची अशा वस्तूंसाठी. सुयांसाठी नाही, हे आधीच सांगते. कमोड खुर्चीला लाजू नका, उकिडवं बसणं थांबलं की गुडघ्याला लगेच कळतं. अर्ज समाजकल्याण सहायक आयुक्तांच्या कार्यालयात. सध्या घेतायत का ते विचारून मग मुलाला रजा काढायला लावा.

वय वंदना कार्ड जपून ठेवा. पुढे डॉक्टरांनी गुडघा बदलायचं सांगितलं तर ते ऑपरेशन योजनेत आहे. कोणत्या रुग्णालयात होईल हे नोंदणीकृत रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला, म्हणजे तिथे योजनेचं काम बघणाऱ्या माणसाला, विचारायचं, गल्लीतल्या कोणाला नाही.

एवढं करूनही सुया घ्यायच्याच असतील तर घ्या. पण दहाचे पैसे एकदम देऊ नका. चार बैठकांचे चौदाशे होतात. त्याआधी सुनेला तीन गोष्टी लिहून ठेवायला सांगा: जमिनीवरून उठताना आधार लागतो का, रात्री किती वेळा जाग येते, दुखण्याच्या गोळ्या किती लागतात. चार झाल्यावर पुन्हा लिहा. काही हललं नसेल तर पाचवी घेऊ नका. अमेरिकेचं सरकार तेच करतं.

प्रश्न : माझ्या खासगी मेडिक्लेममध्ये "आयुष उपचार समाविष्ट" असं छापलं आहे. एजंट म्हणाला ॲक्युपंक्चर त्यात येतं. बिलं पाठवली, कंपनीने नाकारली. तक्रार कुठे करू?
— निवृत्त शिक्षक, जुळे सोलापूर

सर, आयुषमध्ये आयुर्वेद, योग, निसर्गोपचार, युनानी, सिद्ध, सोवा-रिग्पा आणि होमिओपॅथी. ॲक्युपंक्चर या यादीत नाही. विमा नियामकाने एप्रिल २०२४ पासून आयुष उपचारांना ॲलोपॅथीच्या बरोबरीने धरा असं कंपन्यांना सांगितलं, त्यामुळे जाहिरातींत तो शब्द मोठा झालाय. बरोबरी झाली ती या पद्धतींपुरती. तीही बहुतेक पॉलिसींत भरती झाल्यावरच. तुमची बिलं ओपीडीची आहेत, म्हणजे दोन्ही दारं बंद.

तरी पॉलिसीची मूळ पुस्तिका काढा, माहितीपत्रक नव्हे. "ओपीडी" नावाचं वेगळं कलम तुम्ही जादा हप्ता भरून घेतलं असेल तर त्यात काय काय वगळलंय ते वाचा. ॲक्युपंक्चर वगळलेलं नसेल तर भांडायला जागा आहे. आधी कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला लेखी द्या, महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर पुण्याच्या विमा लोकपालाकडे जा. तिथे वकील लागत नाही, फी नाही. एजंटने तोंडी सांगितलेलं मात्र तिथे टिकत नाही. तुम्ही आयुष्यभर मुलांना "लिहून आण" म्हणत आलात, एजंटलाही म्हणायचं होतं.

प्रश्न : डॉ. द्वारकानाथ कोटणीस सोलापूरचे. त्यांनी चीनमधून ॲक्युपंक्चर भारतात आणलं असं ऐकतो. मग त्यांच्याच गावात सरकारी ॲक्युपंक्चर केंद्र का नाही?
— महाविद्यालयीन विद्यार्थी, भैय्या चौक

तुझ्या घराजवळच स्मारक आहे, आत जाऊन ये. डॉ. कोटणीस १९३८ मध्ये पाच भारतीय डॉक्टरांच्या पथकातून चीनला गेले. ते शल्यचिकित्सक होते. युद्धात जखमी झालेल्यांची ऑपरेशनं करत राहिले आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी तिथेच वारले. वय बत्तीस. ते परत आलेच नाहीत, तेव्हा ते काही घेऊन येण्याचा प्रश्नच नाही.

ऐकीव गोष्टीत एक धागा खरा आहे. त्याच पथकात कोलकात्याचे डॉ. बिजॉय कुमार बसू होते. ते १९५० च्या दशकाच्या अखेरीस पुन्हा चीनला गेले, ॲक्युपंक्चर शिकले आणि परत येऊन त्यांनी ते बंगालमध्ये रुजवलं. पुढे कोटणीसांच्या नावाने निघालेल्या स्मारक समितीने तिकडे त्याचा प्रसार केला, लुधियानात त्यांच्या नावाचं ॲक्युपंक्चर रुग्णालयही आहे. म्हणून बंगाल-पंजाबात कोटणीस म्हटलं की सुया आठवतात आणि सोलापुरात फक्त पुतळा.

केंद्राबद्दल म्हणशील तर सरकारी मान्यताच उशिरा आली. केंद्राने २००३ मध्ये एक उपचारपद्धत म्हणून आणि २०१९ मध्ये स्वतंत्र पद्धत म्हणून मान्यता दिली. महाराष्ट्राने २०१५ चा स्वतंत्र कायदा केला, त्याखाली परिषद झाली, व्यावसायिकांची नोंदणी आली. मान्यता मिळणं आणि योजनेच्या यादीत दर ठरून येणं यात बरंच अंतर असतं. आणि मला विचारशील तर रांगेत पहिला नंबर सुयांचा नसावा. आधी म्हाताऱ्यांच्या ओपीडीला पैसे मिळोत, तालुक्याच्या ठिकाणी रोज बसणारा फिजिओथेरपिस्ट मिळो, मग ॲक्युपंक्चर, तेही बैठकांची मर्यादा घालून. तुमच्या पिढीने मागणी करायचीच असेल तर ही करा.

प्रश्न : मुलगी न्यू जर्सीला आहे, सहा महिन्यांसाठी बोलावते आहे. वय ६७. तिथे मेडिकेअरवर कमरेला ॲक्युपंक्चर करून घेता येईल का?
— बार्शी

नाही. पाहुणे म्हणून गेलेल्यांना मेडिकेअर नाही. ग्रीन कार्ड असलं तरी आधी सलग पाच वर्षं तिथे राहिलेलं असावं लागतं, त्यानंतर हप्ता भरून घेता येतं. प्रवासी विमा अचानक उद्भवलेल्या दुखण्याचा असतो, जुनी कंबर त्यात सहसा बसत नाही. बार्शीतच उपचार करून घ्या, नातवंडांबरोबर फिरायला मोकळ्या कमरेने जा. आणि विमानात दर तासाला उठून चाला.

प्रश्न : मिस्टरांची अँजिओप्लास्टी झाली आहे, रक्त पातळ करायची गोळी चालू आहे, शुगरही आहे. त्यांनी सुया घेतल्या तर चालेल का?
— विजापूर रोड

हे मला नको, त्यांच्या हृदयाच्या डॉक्टरांना विचारा. आणि सुया देणाऱ्यालाही सगळ्या गोळ्यांची चिठ्ठी दाखवा. रक्त पातळ असेल तर टोचल्या जागी काळं-निळं होतं, कधी आत रक्त साकळतं. पेसमेकर असेल तर सुईला वीज जोडायचा प्रकार अजिबात नको. शुगरने पाय बधिर झाले असतील तर शेक देणं टाळा, भाजलेलं कळत नाही. सुया सीलबंद पाकिटातल्या, तुमच्यासमोर फोडलेल्या आणि एकदाच वापरायच्या. छाती-पाठीवर टोचल्यानंतर धाप लागली तर थेट इमर्जन्सी गाठा. भिंतीवर महाराष्ट्र अॅक्युपंक्चर परिषदेची किंवा वैद्यकीय परिषदेची नोंदणी आहे का ते बघा. नुसतं शिबिराचं प्रमाणपत्र फ्रेम करून लावलेलं असेल तर नमस्कार करून बाहेर या.

आणखी एक. कंबरदुखीबरोबर ताप, वजन उतरणं, पाय लुळे पडणं, लघवीवरचा ताबा जाणं, किंवा पडल्यानंतर सुरू झालेलं दुखणं, यांतलं काहीही असेल तर सुया नकोत, आधी एक्स-रे आणि डॉक्टर.

प्रश्न : आमच्या सोसायटीत एक जण येतो. म्हणतो, "दोन हजार द्या, आधार आणि ओटीपी द्या, दोन दिवस ॲडमिट दाखवून कार्डावरच ॲक्युपंक्चर करून देतो." खरं आहे का?
— होटगी रोड

कार्ड फुकट निघतं. आयुष्मान ॲपवर घरबसल्या किंवा नोंदणीकृत रुग्णालयात आरोग्यमित्राकडे. पैसे मागणारा माणूस इथेच खोटा ठरतो.

"ॲडमिट दाखवून" म्हणजे काय ते नीट समजून घ्या. कागदावर तुम्हाला दुसराच कुठलातरी आजार चिकटवला जाईल, तुमच्या पाच लाखांतून रक्कम वळती होईल आणि सही-अंगठा तुमचा असेल. घरात नवरा-बायको दोघेही सत्तरीपुढचे असाल तर हे पाच लाख दोघांत मिळून आहेत. तुमच्या सुयांच्या नावावर कोणीतरी तुमच्या जोडीदाराच्या हृदयाच्या उपचाराचे पैसे संपवेल. ओटीपी देऊ नका. आधीच दिला असेल तर आजच १४५५५ वर फोन करून कार्डावर कोणता उपचार चढवलाय का ते विचारा आणि तक्रार नोंदवा. महात्मा फुले योजनेसाठी १५५३८८. तक्रारीचा क्रमांक लिहून घ्या. तो माणूस पुन्हा आला तर त्याला सोसायटीच्या अध्यक्षांसमोर बसवा आणि रुग्णालयाचं नाव विचारा.